ब्रेव्हे आयोजकांना खुले पत्र: ६०० किलोमीटरच्या मार्गात झोपेची जागा आखा

महाराष्ट्रातले सगळे सायकल क्लब, ब्रेव्हेचे आयोजक आणि कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणी, रात्र जागून काढणारे स्वयंसेवक यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रत्येक ब्रेव्हेच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल फेरीच्या, सूचनांमध्ये हेल्मेटचा नियम असतो, पुढच्या-मागच्या दिव्यांचा असतो, रिफ्लेक्टिव्ह जॅकेटचा असतो. मागचा दिवा लागत नसेल तर तुम्ही स्वाराला सुरुवातीलाच थांबवता. कुणी कुरकुर केली तरी ऐकत नाही, आणि ते योग्यच आहे. माझी विनंती अशी की सायकलवर बसलेला माणूस जागा आहे की नाही, याचीही तेवढीच काळजी आता आयोजनात घेतली जावी. ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत झोप कुठे, कधी आणि किती घ्यायची, हे आज ज्याचं त्याने बघायचं असतं. मार्ग आखताना, कंट्रोल ठरवताना, फी ठरवताना झोपेचा विचार व्हायला हवा, आणि ते काम तुमचं आहे.

पुढच्या हंगामात पहिली ब्रेव्हे करायच्या तयारीत असलेले बरेच जण हे वाचतील, म्हणून थोडं सांगतो. ब्रेव्हे ही शर्यत नाही. पहिला-दुसरा नंबर काढला जात नाही. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबने घालून दिलेल्या नियमांप्रमाणे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत कापायचं असतं: २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. वाटेतल्या कंट्रोलवर वेळेत पोहोचून ब्रेव्हे कार्डावर नोंद करून घ्यायची. ब्रेव्हे करणारा तो रॅन्डोनर, आणि ही चारही अंतरं एका हंगामात पूर्ण करणारा ‘सुपर रॅन्डोनर’. मागे गाडी ठेवायला परवानगी नाही. कुणाची मदत घ्यायचीच तर ती फक्त कंट्रोलवर. नोकरी-धंदा सांभाळून सायकल चालवणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांनी हा प्रकार इतका आपलासा केला, त्याचं कारण हेच आहे. कुणाशी स्पर्धा नाही आणि कुणावर अवलंबून राहणं नाही. मलाही त्यातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

२०० मध्ये पाय आणि पोट सांभाळलं की भागतं. ३०० मध्येही बहुतेकांचं तसंच असतं. ४०० पासून तिसरी गोष्ट, झोप, आत येते, आणि तिची तयारी करून घेणारं कुणी नसतं. घाट चढायला शिकवणारे ग्रुप गावोगावी आहेत. सिंहगडावर, कात्रजवर, बोरघाटात रविवारी पहाटे पाहा, माणसं किती मन लावून सराव करत असतात. पण पहाटे तीन वाजता अंगावर झापड येईल तेव्हा काय करायचं, हे ब्रीफिंगमध्ये कुणी सांगताना मी ऐकलेलं नाही.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. सलग जागं राहिलेल्या माणसांची हात आणि डोळे यांचा मेळ पाहणारी चाचणी घेतली, आणि तीच चाचणी दारू प्यायलेल्या माणसांवरही घेतली. १७ तास जागं राहिल्यावरची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरली होती. २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या आसपास गेली होती. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, ही मर्यादा आहे.

आता हे आकडे ४०० च्या ब्रेव्हेला लावून पाहा. सकाळी सहाला सुरुवात, म्हणजे स्वार साडेतीनला उठलेला. रात्री साडेआठला त्याचे १७ तास भरतात. तोवर मध्यम वेगाच्या माणसाचे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर झालेले असतात आणि दीडशेच्या वर बाकी असतात. ते बहुतेक अंधारात. रात्री साडेतीनला २४ तास होतात, आणि शरीराचं घड्याळ नेमकं त्याच वेळी सगळ्यात खाली आलेलं असतं. दिवसभराचा दमलेला माणूस, साखरझोपेची वेळ, आणि शेजारून जाणारे उसाचे ट्रॅक्टर-ट्रक. यात स्वाराच्या हिमतीचा प्रश्न येतच नाही. कितीही तयार असलेल्या माणसाचा मेंदू त्या वेळी काही सेकंदांसाठी बंद पडू शकतो, आणि तो बंद पडला होता हे त्याला अनेकदा नंतरही कळत नाही.

घाट चढताना असं सहसा होत नाही. पाय कामात असतात, श्वास फुललेला असतो. धोका माथ्यावरून पुढे सुरू होतो. खंबाटकी किंवा कसारा रात्री दोनला चढून जाणाऱ्याची मला काळजी वाटत नाही, तोच उताराला लागला की वाटते. पॅडल थांबतं, थंड वारा तोंडावर येतो, घाम सुकतो, समोर फक्त दिव्याचा पांढरा गोल. शरीराला दिवसभरात पहिल्यांदा काही काम उरलेलं नसतं. डोळे मिटायला ही जागा पुरेशी असते. मार्ग आखताना चढाई किती मीटर आहे ते आपण आवर्जून लिहितो. सरासरी स्वार कोणता उतार रात्री किती वाजता उतरेल, हेही एकदा कागदावर मांडून बघा. दोन-तीन मार्ग तरी तुम्ही स्वतःच उलट्या दिशेने फिरवाल.

यावर मला नेहमी एक उदाहरण ऐकवलं जातं. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांचा संघ म्हणून रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने केली. ते इतके दिवस इतक्या कमी झोपेवर चालवू शकतात, तर आपल्याला एक रात्र जागायला काय हरकत आहे? या तिघांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या स्पर्धेत स्वारामागे गाडी असते, गाडीत क्रू असतो. स्वार डुलायला लागला की त्याला उतरवायचं, किती मिनिटं झोपू द्यायचं, कधी उठवायचं, हे ताजी माणसं ठरवतात. दोघांच्या संघात एक चालवतो तेव्हा दुसऱ्याला झोपता येतं. ब्रेव्हेत यातलं काहीच नाही. थांबायचं की नाही हे ठरवणारा मेंदू तोच, जो झोपेने निम्मा बंद झालेला आहे. म्हणूनच त्याचा निर्णय सोपा करणारी व्यवस्था आधी, दिवसाउजेडी, तुम्ही करून ठेवायला हवी.

सगळ्यात आधी कंट्रोलच्या जागा. मार्ग आखणाऱ्याच्या हातात झोपेचे तास किती असतात, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. धरा, एक स्वार ताशी १८ किलोमीटरने चालवतो. ६०० मधला ३०० वा किलोमीटर तो चहापाण्यासकट १८ तासांत गाठतो. सकाळी सहाची सुरुवात असेल तर मध्यरात्री. इथे तो अडीच तास झोपला तर निघताना २० तास ३० मिनिटं झालेली असतात. पुढचा कंट्रोल ३५० वर असेल तर तो २३ तास २० मिनिटांनी बंद होतो, आणि हा स्वार तिथे २३ तास १७ मिनिटांनी पोहोचतो. तीन मिनिटं हातात. एक पंक्चर झालं की संपलं. तोच कंट्रोल ४०० वर ठेवला तर तो २६ तास ४० मिनिटांनी बंद होतो आणि स्वार २६ तास ३ मिनिटांनी येतो. ३७ मिनिटं शिल्लक. स्वार तोच, वेग तोच, झोप तीच, फक्त कंट्रोल पन्नास किलोमीटर पुढे सरकला. ३५० चा कंट्रोल बघून तो माणूस झोपायचं सोडून देतो, आणि आपण म्हणतो की लोक ऐकत नाहीत. खरं तर तो झोपला, आणि पुढचे ३०० किलोमीटर त्याच वेगाने, वाटेतले थांबे धरून गेला, तरी सगळे ६०० तो ३८ तास ३० मिनिटांत संपवतो. नियमांत बसणारी झोप नियमांतच सापडते. ती मार्गात ठेवलेली असायला हवी.

सुरुवातीच्या वेळेचंही थोडं बघा. ६०० शनिवारी सकाळी सहाला सुटली तर रविवारी रात्री दहाला वेळ संपते, मध्ये एकच रात्र. शुक्रवारी रात्री नऊला सुटली तर रविवारी दुपारी एक, मध्ये दोन रात्री, आणि त्यातली पहिली ऑफिसचा पूर्ण दिवस करून आलेल्या माणसाची. ऊन टाळायला म्हणून रात्रीची सुरुवात ठेवतात, ते मार्च-एप्रिलमध्ये मला समजतं. डिसेंबर-जानेवारीत समजत नाही.

आता जागेबद्दल. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, जिथे जायचं स्वप्न आपले कितीतरी जण उराशी धरून आहेत आणि जी आता २०२७ मध्ये आहे, तिथे १२०० किलोमीटरला ९० तास मिळतात. कंट्रोल बऱ्याचदा शाळांमध्ये असतात आणि मोठ्या कंट्रोलवर झोपायची सोय असते. जिमच्या हॉलमध्ये खाटा किंवा गाद्या मांडलेल्या असतात. थोडे पैसे द्यायचे, उठायची वेळ सांगायची. स्वयंसेवक अंधारात टॉर्चने तुमची जागा दाखवतो आणि सांगितलेल्या वेळी येऊन हलवून जागं करतो. दर चार वर्षांनी गावोगावचे लोक हे काम करतात. तिथे झोप घेणाऱ्याला कुणी कच्चा समजत नाही. तिथे जायचं म्हणून आपण इथे ज्या ब्रेव्हे करतो, त्यात मात्र आपण एटीएमच्या खोलीत, बंद टपरीच्या फळीवर, पेट्रोल पंपाच्या कडेला पडून राहतो. एटीएममध्ये झोपल्याचे फोटो आता कौतुकाने फिरतात. ढाब्यावरची बाज मिळाली तर नशीब.

आणि हे सगळे पर्याय पुरुषांचे आहेत. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते. रात्री दोनला महामार्गावरच्या ढाब्यावर, ट्रकचालकांच्या शेजारच्या बाजेवर पुरुष स्वार बिनघोर आडवा होतो. बाई स्वाराने काय करायचं? एटीएमच्या काचेच्या खोलीत, दिव्याखाली, एकटीने डोळे मिटायचे? ती थांबत नाही. ती पेंगत चालवत राहते, किंवा ओळखीच्या पुरुष स्वाराच्या वेगाला बांधून घेते आणि तो थांबेल तेव्हा थांबते, किंवा ३०० नंतर पुढे जातच नाही. बायकांची संख्या ४०० आणि ६०० ला का घटते, असं आपण बैठकांमध्ये विचारतो. एक बंद होणारं दार, आतून लागणारी कडी आणि स्वच्छ संडास, एवढं ३०० व्या किलोमीटरला करून बघा आणि मग पुन्हा हा प्रश्न विचारा.

आपल्याकडे शाळेची जिम नसेल, पण जागा आहेत. पौषात लग्नाचे मुहूर्त नसतात आणि पौष येतो तो ऐन ब्रेव्हेच्या हंगामात, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास. महामार्गालगतची मंगल कार्यालयं तेव्हा रिकामी असतात. तिथे हॉल असतो, गाद्या असतात, पाणी असतं, वधूपक्ष-वरपक्षाच्या खोल्या असतात, त्यातली एक बायकांसाठी. शनिवारी रात्री जिल्हा परिषदेची शाळा बंद असते. मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायतीशी महिनाभर आधी बोललं तर नाही म्हणणारी गावं कमी. देवस्थानांची भक्तनिवासं आहेत. पुण्याहून सोलापूर रस्त्याने अक्कलकोट साधारण २९० किलोमीटर पडतं, ६०० चं जवळपास अर्धं अंतर, आणि यात्रेकरूंना रात्री-अपरात्री जागा देणं त्या गावाला नवीन नाही. अशा ठिकाणी कंट्रोल ठेवा. स्वारांच्या बॅगा आधी तिथे पोहोचवा, म्हणजे कोरडे कपडे आणि चार्जर मिळेल. उठवायची वेळ वहीत लिहून घ्या. खर्च येईल, तो फीमध्ये धरा. मेडल आणि जर्सीला आपण पैसे देतोच, गादीला आनंदाने देऊ.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो घेणाऱ्यांमध्ये माझे मित्र आहेत: ब्रेव्हे म्हणजे स्वावलंबन, सगळं हातात दिलं तर उरलं काय? पण कंट्रोलवर मदत चालते असं नियमच सांगतो. आणि झोपायला जागा मिळाली म्हणून कुणाचं पॅडल दुसरं कुणी मारत नाही. किती वेळ झोपायचं, कधी निघायचं, मुळात झोपायचं की नाही, हे स्वारच ठरवेल. ज्याला न थांबता पुढे जायचं त्याला कुणी अडवणार नाही.

कंट्रोलवरच्या स्वयंसेवकांनाही थोडं शिकवा. रात्री कार्ड पुढे करताना जो हातातली चावी शोधत राहतो, दोनदा तोच प्रश्न विचारतो, केळं हातात धरून भिंतीकडे बघत बसतो, त्याला ‘शाबास, अजून दीडशेच राहिले’ म्हणून ढकलू नका. त्याला बसवा. कप-दोन कप कॉफी प्यायला द्या आणि लगेच २० मिनिटं आडवं करा. कॉफीचा परिणाम व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणजे उठताना दोन्हीचा फायदा मिळतो. वेळ असेल तर दीड तास उत्तम. पाऊण तासाच्या झोपेतून अवेळी उठवलेला माणूस बराच वेळ गुंगीत राहतो, तेव्हा त्याला उठवल्यावर पाच-दहा मिनिटं चालू द्या, तोंड धुऊ द्या, मग सोडा.

तयारीचा कार्यक्रम तुम्ही आठ-दहा आठवडे आधी देता. त्यात आठवड्याचे किलोमीटर असतात, चढाई असते, काय खायचं ते असतं. त्यात शेवटच्या आठवड्याच्या झोपेचीही एक ओळ घाला. आधीचे पाच-सहा दिवस रोज तासभर जास्त झोपलेला माणूस जागरण अधिक चांगलं सोसतो. आपल्याकडे घडतं उलटं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ऑफिस, मग कोल्हापूरहून, नाशिकहून, संभाजीनगरहून रात्रीची बस, डिकीत सायकल, पहाटे चारला पुण्यात उतरून सहाला सुरुवात. हा माणूस पहिल्या किलोमीटरलाच एक रात्र तोट्यात असतो. बाहेरगावच्या स्वारांसाठी आदल्या रात्री स्थानिक सभासदांच्या घरी मुक्कामाची यादी करा. आमच्याकडे काही जण हे आपणहून करतात. ते एकट्या-दुकट्याच्या चांगुलपणावर सोडू नका.

शेवटची गोष्ट ब्रेव्हे संपल्यानंतरची. पहाटे दोनला ३०० पूर्ण करून, कार्ड जमा करून, फोटो काढून माणूस सायकल गाडीवर चढवतो आणि दोन तास गाडी चालवत घरी जातो. तो जवळजवळ २४ तास जागा आहे. वर सांगितलेलं कलम १८५ झोपेचं माप घेत नाही, पण त्याच्या हातात स्टिअरिंग आहे आणि समोरून येणाऱ्या गाडीत कुणाचं तरी कुटुंब आहे. सायकलवर झोप लागली तर बहुतेक वेळा स्वारच पडतो. गाडीत तसं नाही. शेवटच्या ठिकाणी चार-पाच तास पडता येईल अशी खोली ठेवा. फॉर्ममध्येच विचारा की घरी कसे जाणार, आणि ‘स्वतः गाडी चालवत’ असं उत्तर आलं तर त्याला ती खोली दाखवा.

आणि कौतुक जरा बदला. तुमच्या निकालाच्या पोस्टमध्ये ‘एक मिनिटही डोळा न लावता ६०० पूर्ण’ असं वाक्य मी अनेकदा वाचलेलं आहे. ते वाचून पुढच्या वर्षीचे नवे स्वार तेच करायला जातात. त्यांच्या हाताशी तो अनुभव नसतो आणि ती ताकदही नसते. त्याऐवजी जो ३८० वर, झोप आवरत नाही म्हणून, फोन करून थांबला, त्याच्याबद्दल दोन ओळी लिहा. त्याचं नाव त्याला विचारून घाला. डीएनएफ, म्हणजे ‘पूर्ण केली नाही’, असं लिहिताना कारण लिहा: वेळेत थांबला.

तुम्ही हे सगळं बिनपगारी करता, सुट्ट्या घालवून करता, पदरचं पेट्रोल जाळून करता, हे मला माहीत आहे. मी तुमच्याबरोबर कंट्रोलवर उभा राहिलो आहे. म्हणून नुसतं पत्र लिहून थांबत नाही. तुमच्यापैकी जो क्लब येत्या हंगामातल्या ६०० ला ३०० व्या किलोमीटरवर झोपायची जागा जाहीर करेल, तिथे रात्री बारा ते सकाळी सहा वही घेऊन बसायची आणि लोकांना उठवायची पाळी माझी. गाद्या, टॉर्च आणि चहाचा थर्मास यांची जबाबदारीही घेतो. माझ्याबरोबर यायला ओळखीतले चार जण तयार आहेत, त्यात दोघी बायका आहेत. त्या बायकांच्या खोलीकडे बघतील. तारीख आणि गाव कळवा.

आपला,
पुण्याचा एक रॅन्डोनर आणि स्वयंसेवक